बायो आणि कॅल्क्युलसचा ग्रुप स्टडी: शिकवणारा पुढे जातो आणि ऐकणारा तिथंच राहतो, असं का होतं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही चौघं दर रविवारी दादरला तुमच्यातल्या एकाच्या घरी जमता. तुझं बायो चांगलं, डोंबिवलीहून येणाऱ्या मैत्रिणीचं मॅथ्स पक्कं, एक मित्र इंटरनॅशनल स्कूलचा आहे तो मे महिन्यात एपी बायोलॉजी आणि एपी कॅल्क्युलस (अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षा) देणार, आणि चौथी मैत्रीण सध्या दोन्हीकडे अडखळतेय. ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं असं ठरलं, दोन महिने झाले, आणि आता युनिट टेस्टमध्ये दिसतंय काय तर तुझे बायोचे मार्क वाढले, तिचे मॅथ्सचे वाढले, पण तुझं कॅल्क्युलस होतं तिथंच आणि तिचं बायोही तिथंच. तू विचारतेस की नेमकं काय चुकतंय, आणि शेवटी हेही विचारलंयस की चौथीमुळे वेळ जातो तर तिला ग्रुपमधून काढावं का. दोन्हीचं उत्तर देते, दुसऱ्याचं जरा शेवटी, कारण पहिलं कळलं की दुसरं आपोआप बरंच सुटतं.

मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, आणि आमच्या मॅथ्सच्या सरांबरोबर मिळून बरीच वर्षं पीसीएमबीच्या, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो चारही घेतलेल्या मुलांचे असे गट चालवलेत. तुमच्याकडे जे होतंय ते जवळजवळ प्रत्येक गटात पहिल्या दोन महिन्यांत होतं. रविवारी तुमच्या खोलीत सगळ्यात जास्त अभ्यास कोण करतं माहितीये? जो शिकवतोय तो. त्याला धडा आठवावा लागतो, क्रम लावावा लागतो, शब्द शोधावे लागतात, मधेच कुणी विचारलं की हे असं का तर थांबून विचार करावा लागतो. ऐकणाऱ्याला फक्त मान डोलवायची असते, आणि समोरचा छान समजावत असेल तर आपल्याला कळलंय असं अगदी मनापासून वाटतं, त्यात खोटं काही नसतं, पण मंगळवारी घरी कोरा कागद घेऊन बसलं की हात चालत नाही.

म्हणून माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर उलटं करा. ज्याला येत नाही त्याने बोलायचं आणि लिहायचं, ज्याला येतं त्याने ऐकायचं आणि अडवायचं.

यामागे नुसता माझा अनुभव नाहीये. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले, काहींना तोच उतारा पुन्हा वाचू दिला आणि काहींना न बघता आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमचा रविवार सध्या त्या पाच मिनिटांसाठी चाललाय, बोर्डाचा पेपर फेब्रुवारीत आहे.

आता बायो आणि कॅल्क्युलस यांत मदत करायची पद्धत एकसारखी नसते, हे बऱ्याच गटांच्या लक्षात येत नाही, म्हणून वेगवेगळं सांगते.

कॅल्क्युलसमध्ये मुलं अडतात ती फॉर्म्युला आठवत नाही म्हणून कमी आणि कुठली गोष्ट कधी करायची हे कळत नाही म्हणून जास्त. ॲप्लिकेशन्स ऑफ डेरिव्हेटिव्ह्जमधलं शिडीचं गणित घे. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली, खालचं टोक भिंतीपासून सेकंदाला २ मीटर वेगाने लांब सरकतंय, ते भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर २५ इथपर्यंत सगळे पोचतात. मग अर्धी मुलं लगेच एक्सच्या जागी ३ घालतात, वाय ४ काढतात, आणि मग डेरिव्हेटिव्ह घ्यायला जातात तर घ्यायला काही उरतच नाही, सगळे आकडे झाले, उत्तर शून्य. इथे तुझी डोंबिवलीची मैत्रीण सध्या काय करत असेल तर वही ओढून घेऊन म्हणत असेल की अगं असं नाही, आधी डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, हे बघ, आणि चार ओळीत उणे १.५ मीटर प्रति सेकंद काढून दाखवत असेल. तू म्हणतेस हो हो बरोबर. आणि पुढच्या वेळी फुग्याचं किंवा शंकूच्या टाकीचं गणित आलं की तीच चूक परत.

तिने वहीला हात न लावता फक्त एवढं विचारायला हवं की "हा ३ कधीचा आहे?" बस. एवढ्या एका प्रश्नावर तुला थांबून विचार करावा लागेल की ३ हा त्या एका क्षणाचा आहे, त्याआधी आणि त्यानंतर एक्स बदलतोच आहे, मग बदलणाऱ्या गोष्टीचा बदलण्याचा वेग काढायचा तर ती आधी बदलती ठेवायला हवी, आकडा नंतर. हे तुझ्या तोंडून निघालं की ते तुझं झालं, मग टाकी येवो नाहीतर सावली येवो. आमचे मॅथ्सचे सर गटातल्या हुशार मुलांना पेन खिशात ठेवायला लावायचे. दुसऱ्याच्या वहीवर लिहायचं नाही, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, आणि विचारल्यावर गप्प बसायचं, समोरच्याला एक मिनिट लागलं तरी. ते गप्प बसणं हुशार मुलांना सगळ्यात जड जातं, पण जमतं हळूहळू.

इंटिग्रेशनसाठी अजून एक गोष्ट करा, याचा फायदा मी खूप मुलांना झालेला बघितलाय. अर्धा तास एकही गणित सोडवायचं नाही, फक्त पद्धत ओळखायची आणि का ते सांगायचं. खाली एक्स वर्ग अधिक ४ एक्स अधिक १३ असलेली तीन गणितं घ्या. पहिल्यात वर नुसता १ आहे, दुसऱ्यात वर २ एक्स अधिक ४ आहे, तिसऱ्यात वर नुसता एक्स आहे. दिसायला भावंडं, पण पहिल्यात खाली पूर्ण वर्ग करून टॅन इन्व्हर्स येतो, दुसऱ्यात वरचा भाग खालच्याचा डेरिव्हेटिव्हच आहे म्हणून सरळ लॉग, आणि तिसऱ्यात वरचा एक्स मोडून अर्धे गुणिले (२ एक्स अधिक ४), वजा २ असा लिहायचा, म्हणजे पहिली दोन्ही गणितं त्यात येऊन बसतात आणि उत्तरात लॉग पण असतो आणि टॅन इन्व्हर्स पण. हे तुम्ही चौघांनी तोंडी बोलून केलं ना, तर घरी एकट्याने पन्नास गणितं घासून जे कळत नाही ते इथे कळतं, कारण एकट्याने करताना धड्याचं नावच पद्धत सांगून टाकतं. बाय पार्ट्सच्या एक्सरसाइजमध्ये बाय पार्ट्सच वापरायचं असतं. पेपरमध्ये वर नाव लिहिलेलं नसतं. म्हणून रविवारी गणितं वेगवेगळ्या एक्सरसाइजमधून उचलून मिसळून आणायची, आणि हे काम दर आठवड्याला वेगळ्याने करायचं.

बायोकडे येऊया, हा माझा विषय, जरा जास्त लिहीन. बायोमध्ये "येतं" आणि "वाचलंय" यातला फरक लपून राहतो. मॅथ्समध्ये उत्तर चुकलं की चुकलं, इथे मुलगी दहा वाक्यं बोलते, सगळी साधारण बरोबर वाटतात, आणि मार्क जातात. तेव्हा ऐकणाऱ्याने पुस्तक उघडून समोर ठेवायचं आणि बोलणाऱ्याने कोरा कागद घेऊन आकृती काढत काढत सांगायचं. समज धडा आहे डबल फर्टिलायझेशनचा. बोलणारी म्हणाली की एक मेल गॅमीट एगबरोबर जातो आणि दुसरा दुसरीकडे. ऐकणाऱ्याने तिथेच अडवायचं, दुसरीकडे म्हणजे कुठे? सेकंडरी न्यूक्लियसकडे. तो कशाचा बनलाय? दोन पोलर न्यूक्लियायचा. मग एकूण किती सेट झाले? तीन, म्हणून एंडोस्पर्म ट्रिप्लॉइड. बरं, मग चौपाटीवर शहाळं पितेस त्यातलं पाणी काय आहे? ते फ्री न्यूक्लियर एंडोस्पर्म, आणि आतली मलई, खोबरं, ते सेल्युलर एंडोस्पर्म. हा शेवटचा प्रश्न नीटच्या पेपरला शोभेल असा आहे आणि उत्तर तुमच्या पुस्तकातच आहे, फक्त कुणीतरी विचारायला हवं. कुठे, किती, कशाचं, आणि का, हे चार प्रश्न जवळ असले की बायोमध्ये न येणारा माणूससुद्धा येणाऱ्याला छान तपासू शकतो. तुमच्या मॅथ्सवाल्या मैत्रिणीला बायो कमी येतं म्हणून ती तुझी परीक्षा घेऊ शकत नाही असं अजिबात नाहीये, पण मुख्य म्हणजे तिने बोलायचं आणि तू अडवायचं, कारण बायो तिचं वाढायला हवंय.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे बिघडवून बघणं. मोलेक्युलर बेसिसच्या धड्यातला लॅक ओपेरॉन, म्हणजे बॅक्टेरियातल्या लॅक्टोज पचवणाऱ्या जीन्सचं चालू-बंद होणं, सगळ्यांना पाठ असतो, जेकब आणि मोनो, १९६१, रेग्युलेटर, प्रमोटर, ऑपरेटर, झेड वाय ए जीन्स. पाठ म्हणून झालं की विचारा, आय जीनच, म्हणजे रेग्युलेटर, बिघडला आणि या जीन्सना बंद ठेवणारा रिप्रेसर बनलाच नाही तर? लॅक्टोज असो वा नसो, जीन्स चालूच राहतील. ऑपरेटर असा बदलला की रिप्रेसर त्याला चिकटूच शकत नाही, तर? तरीही चालूच. आणि रिप्रेसर असा बदलला की त्याला बाजूला करणारा, लॅक्टोजपासून येणारा इंड्युसर चिकटत नाही, तर? आता लॅक्टोज कितीही घाला, बंद. तिसऱ्यावर जो अडला त्याला ओपेरॉन पाठ आहे पण कळलेला नाही, आणि हे पाच मिनिटांत समजतं, घरी एकट्याने वाचताना महिनाभर समजत नाही. एपी देणाऱ्या मित्राला तर हे फार लागणार आहे, कारण त्याच्या बायोच्या पेपरमध्ये ६० एमसीक्यू आणि ६ लेखी प्रश्न असतात, आणि त्या लेखी प्रश्नांत प्रयोगाचा डेटा देऊन अमुक बदललं तर काय होईल आणि का, असंच विचारत राहतात. त्याला पाठांतराची सवय कमी असेल आणि तुम्हाला अशा प्रश्नांची, तेव्हा एकमेकांना द्यायला दोन्हीकडे भरपूर आहे.

आणि पीसीएमबी घेतलंय तर एक गोष्ट तुम्हाला मिळते जी नुसत्या पीसीएम किंवा पीसीबीवाल्यांना मिळत नाही, ती वाया घालवू नका. ऑर्गॅनिझम्स अँड पॉप्युलेशन्समध्ये लॉजिस्टिक ग्रोथचं समीकरण आहे, डीएन बाय डीटी बरोबर आर एन गुणिले (के वजा एन) भागिले के, इथे एन म्हणजे पॉप्युलेशन, आर वाढीचा दर आणि के परिसराची क्षमता. बायोची मुलं ते रट्टा मारतात आणि एस आकाराचा कर्व्ह काढतात. आता मॅथ्सच्या वहीत तेच डिफरन्शियल इक्वेशन आहे, व्हेरिएबल्स वेगळे करून सोडवायचं. आणि वाढीचा वेग सगळ्यात जास्त कधी, हे विचारलं तर तो मॅक्झिमाचाच प्रश्न आहे, उजव्या बाजूचा एनने डेरिव्हेटिव्ह घेतला तर आर वजा २ आर एन भागिले के, तो शून्य केला की एन बरोबर के बाय टू. म्हणजे परिसराची जेवढी क्षमता आहे तिच्या अर्ध्यावर पॉप्युलेशन पोचली की वाढ सगळ्यात जोरात असते, आणि बायोच्या आकृतीत कर्व्ह जिथे वळण बदलतो तो बिंदू हाच. एका रविवारी हे एकत्र करा, तू बायोची बाजू विचार, ती मॅथ्सची विचारेल, दोघींचा दोन्ही धड्यांवरचा विश्वास वाढेल. मित्राला सांग की एपी कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी अशा दोन परीक्षा आहेत, लॉजिस्टिक बीसीमध्ये येतं, एबीमध्ये नाही, तो कुठला देतोय बघून घे.

वेळेचं कसं बसवायचं ते सांगते. भेटल्याबरोबर बोलायला सुरुवात करू नका. आधी सगळ्यांनी एकट्याने तेच प्रश्न सोडवायचे, तास दीड तास, अजिबात न बोलता. घरात ते होत नसेल तर महापालिकेच्या अभ्यासिका आहेत, तिथे बोलायला बंदी असते ती या भागाला फार उपयोगी पडते, आणि मग बाहेर पडून माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सच्या बाकावर नाहीतर घरी येऊन बोलायचं. हार्वर्डला एरिक मेझर यांनी १९९०च्या दशकात फिजिक्सच्या वर्गात हेच सुरू केलं, प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. आधी स्वतःचं उत्तर कागदावर नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर सगळ्यांचं होतं. चौघांचं एकमत झालं म्हणून ते बरोबर असं नसतं हेही लक्षात ठेवा, शंका राहिली की पुस्तक उघडा, तरी राहिली तर लिहून ठेवा आणि सोमवारी सरांना किंवा मॅडमना गाठा.

व्हॉट्सॲपवर सोडवलेल्या गणिताचा फोटो टाकणं आजपासून बंद करा, मी कळकळीने सांगतेय. त्याने बघणाऱ्याचं गणित सुटत नाही, फक्त त्याची अस्वस्थता जाते, आणि ती अस्वस्थता अभ्यासाला लागते. ज्याला अडलंय त्याने आपण जिथपर्यंत पोचलो तिथपर्यंतचा फोटो टाकायचा, अडलेल्या ओळीभोवती गोल करायचा, आणि उत्तर देणाऱ्याने फक्त एक प्रश्न किंवा पुढची एक ओळ द्यायची. डोंबिवलीवाली मैत्रीण रोज ट्रेनमध्ये इतका वेळ काढते, गर्दीत तिला लिहिता येणार नाही, पण तिला तू सकाळी बायोचे तीन प्रश्न पाठवू शकतेस आणि ती डोळे मिटून मनात उत्तरं लावून कुर्ल्याला जागा मिळाली की टाइप करू शकते. यात कसलाच जास्तीचा वेळ जात नाही.

महिन्यातून एकदा पूर्ण पेपर लिहा, घड्याळ लावून तीन तास, आणि एकमेकांचे तपासा. बोर्डाच्या मॅथ्सच्या ८० मार्कांपैकी ६० मार्क लिहून सोडवायच्या गणितांचे आहेत, दोन, तीन आणि चार मार्कांची, आणि तिथे स्टेपला मार्क असतात. दुसऱ्याचा पेपर तपासताना कळतं की सब्स्टिट्यूशन केलं पण लिमिट्स बदलल्या नाहीत, इनडेफिनिटमध्ये सी विसरली, वेगाचं युनिट लिहिलंच नाही. स्वतःच्या पेपरमध्ये हे दिसत नाही, डोळा सरकून जातो. बायोला ७० मार्क, तिथे तपासताना पुस्तकातले नेमके शब्द आले का आणि आकृतीला लेबल्स आहेत का ते बघा. एपीसाठी कॉलेज बोर्ड जुने लेखी प्रश्न आणि ते कसे तपासले त्याची गाइडलाइन स्वतःच्या वेबसाइटवर ठेवतं, मित्राला ती उतरवून घ्यायला सांग आणि तुम्हीही बघा, मार्क कशाला मिळतो हे इतकं स्पष्ट लिहिलेलं दुसरीकडे क्वचित सापडतं. नीट आणि सीईटीचा सराव मात्र ग्रुपमध्ये फार करू नका. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ९० बायोचे, चुकलं की एक मार्क कापतात, सीईटीला कापत नाहीत, हा सगळा स्पीडचा आणि कुठला प्रश्न सोडायचा याचा मामला आहे आणि तो ज्याचा त्याने एकट्याने बसवायचा असतो, चुकलेले प्रश्न तेवढे रविवारी आणा.

आता चौथी मैत्रीण. तिला काढू नका. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात युरी ट्राइझमन हे गणिताचे तरुण अभ्यासक बघत होते की पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये अनेक कृष्णवर्णीय मुलं नापास का होतायत, शाळेत चांगली होती, मेहनत करत होती. मग त्यांच्या लक्षात आलं की ही मुलं पूर्णपणे एकटी अभ्यास करतायत, आणि चिनी वंशाची मुलं आधी एकट्याने करून मग एकत्र बसून एकमेकांचं तपासतायत, कोण कुठे अडलं ते त्यांना माहीत असतं. त्यांनी वर्कशॉप सुरू केलं, पण त्यात मागे पडलेल्यांसाठी सोपी गणितं ठेवली नाहीत, उलट अवघड ठेवली आणि सगळ्यांना एकत्र बसवलं, आणि निकाल बदलले. तेव्हा तिला वेगळं सोपं काहीतरी देऊन कोपऱ्यात बसवणं हेही नको. तेच प्रश्न, तोच कागद, फक्त ती आधी बोलणार.

वेळ जातो असं तुला वाटतंय कारण सध्या तुम्ही तिला समजावत बसता. ती बोलायला लागली की तुमचा वेळ जात नाही, ती जिथे म्हणते "थांब, ही स्टेप कशी आली", तिथे दहापैकी सहा वेळा तुम्हालाही नीट सांगता येत नाही, आणि पेपरमध्ये तिथेच तुमचे मार्क जातात. शिवाय तिला पुढे राहण्याची सवय कधी लागलेलीच नाही, ती लावायला एक गोष्ट करा. पुढच्या रविवारसाठी बायोचा एक धडा तिच्याकडे द्या, प्लांट वॉटर रिलेशनसारखा, फार मोठा नको. गुरुवारपासून ती तो वाचेल, प्रश्न काढेल, आणि रविवारी तुम्हा तिघांना अडवायचं काम तिचं. तुला तिच्यापेक्षा जास्त येत असलं तरी त्या दिवशी तू उत्तर देणारी. धडा तिलाच निवडू दे, आणि तुम्ही तिघांनी तो आधी वाचून येऊ नका.